सीताफळाला नऊपैकी आठ, ज्वारीच्या कोनाला पाच

आधी दोन गोष्टी कबूल करते. पहिली म्हणजे मी इथे चांदण्या देणार नाही. आम्हाला फूड टेक्नॉलॉजीला चव मोजायला नऊ अंकांचं माप शिकवतात, हेडॉनिक स्केल म्हणतात त्याला. नऊ म्हणजे प्रचंड आवडलं, पाच म्हणजे आवडलंही नाही आणि नावडलंही नाही, एक म्हणजे पुन्हा तोंडात घालणार नाही. जवानांना जेवण कितपत रुचतंय हे कळावं म्हणून अमेरिकन सैन्याने ते काढलं होतं. आम्ही पोरींनी पहिल्याच वर्षी ते होस्टेलच्या मेसला लावून पाहिलं. आकडा सांगत नाही. दुसरी कबुली शेवटी, कारण आत्ता सांगितली तर पुढचं सगळं डोळे बारीक करून वाचाल.

दुकान परभणीत, वसमत रस्त्याला, विद्यापीठाच्या काळ्या कमानीपासून चालत दहा मिनिटं. एका बाजूला पंक्चरवाला, दारात कडुनिंब. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकीण ताईंनीच सांगितलंय, "नाव टाकू नको बाई, रविवारची गर्दी आताच झेपंना." आत एक काउंटर, एक काचेचं फ्रीजर, चार प्लास्टिकची स्टुलं. मागच्या खोलीला काचेचं दार आहे आणि त्यातून आईस्क्रीमची मशीन दिसते. परभणीत एवढं पाहायला मिळणारं दुसरं दुकान मला तरी माहीत नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणायला आम्ही मोकळेच असतो, म्हणून तुलना इथेच थांबवते.

पहिल्यांदा गेले ती एप्रिलमधली दुपार होती, पारा त्रेचाळीसवर. सकाळी डेअरीची प्रॅक्टिकल परीक्षा झाली होती आणि व्हायवात माझी चांगलीच शोभा झाली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "आईस्क्रीम जिभेला वाळूसारखं लागतं, त्या दोषाला काय म्हणतात?" मी म्हटलं, "सँडीनेस, सर." "कशाने होतो?" मी छातीठोकपणे सांगितलं, "बर्फाच्या कणांनी." ते चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, बर्फ विरघळतो. वाळू विरघळते का?" मागे उभ्या असलेल्या तीन मुली हसल्या. त्यातली एक माझी रूममेट. तिनेच मग भरपाई म्हणून आईस्क्रीम खायला नेलं.

होस्टेलला जाऊन पुस्तक उघडलं होतं, त्यामुळे उत्तर आता पाठ होतं: सँडीनेस लॅक्टोजने होतो. दुधातली साखर पाण्यात फारशी विरघळत नाही, दूध पावडर जास्त झाली की तिचे खडे पडतात. सीताफळ आईस्क्रीमचा पहिला घास घेतला आणि जिभेला कणी लागली. मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात रूममेटला म्हटलं, "बघ, सँडीनेस. लॅक्टोज आहे हे. पावडर जास्त झालीय यांची."

काउंटरमागच्या बाईंनी मान वर केली. पस्तिशीच्या असतील, डोक्याला पांढरी जाळीची टोपी.

"कोणत्या वर्षाला?"

"तिसऱ्या."

"फूड टेक?"

"हो, इथलंच."

"मग थांब जरा, जाऊ नको."

आत गेल्या आणि डीप फ्रीजरच्या तळातून एक निळ्या झाकणाचा डबा घेऊन आल्या. त्यावर स्केच पेनने लिहिलं होतं, 'चुका'. आत तारखा घातलेल्या छोट्या वाट्या. त्यातल्या दोन काढल्या, तिसऱ्या वाटीत नुसता सीताफळाचा गर घातला आणि तिन्ही माझ्यापुढे ठेवल्या. "चाख अन् बेसिनमध्ये थुंक. गिळू नको. मग सांग पावडर कुठंय ते."

पहिल्या वाटीतलं जिभेवर ठेवलं तर करकरीत. दातांना गारठा बसला आणि दोन सेकंदांत कणी गेली, पाणी झालं. दुसऱ्या वाटीत कणी बारीक होती, गार लागत नव्हती. जीभ टाळूला घासली तरी होतीच, मग हळूहळू गेली. तिसऱ्यात कणी मोठी, दाताखाली येणारी, आणि ती गेलीच नाही. शेवटी थुंकावी लागली.

"पहिला बर्फ," ताई म्हणाल्या. "लाइट गेल्यावर वितळून परत गोठलेला. दुसरं तुझं लॅक्टोज. दुकान टाकलं त्या वर्षी मी खर्च वाचवायला पावडर वाढवली होती, तेव्हाची बॅच. तिसरी फळाचीच कणी. स्टोन सेल्स. पेरूत असतात की नाही, तशाच सीताफळात. ती काढली तर लोक म्हणतात इसेन्स घातलाय." आणि मग माझ्या अर्ध्या राहिलेल्या कपाकडे बोट करून, "आता ते खा आणि सांग कुठली आहे."

तिसरीच होती. मी कान पकडले.

तेव्हा सीताफळाला माझे आठ. कारणं सांगते. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो आणि रंगही बिघडतो, त्यामुळे दूध-मलईचं मिश्रण तापवतानाच फळ घालून मोकळं होण्याची सोय इथे नाही. दुधाचं मिश्रण आधी पाश्चराइज करायचं, गार करायचं, रात्रभर चार अंशांवर मुरू द्यायचं आणि गर अगदी शेवटी, मशीनमध्ये टाकताना घालायचा. म्हणजे गर काढणाऱ्या हाताची स्वच्छता शंभर टक्के लागते, कारण नंतर उष्णता त्याची चूक झाकायला येत नाही. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ सप्टेंबर ते नोव्हेंबर येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ताई त्याची पाटी लावत नाहीत. धारूरकडच्या दोन बायका बिया काढून गर देतात आणि तो गोठवून ठेवतात, तो जितका पुरेल तितका पुरेल. नववा गुण मी का कापला? साखर. फळ एवढं गोड असताना मिश्रणातली साखर अजून उतरवता येईल. ताई म्हणतात, साखर कमी केली तर ते दगडासारखं गोठतं, चमचा वाकतो. खरंय ते, साखर नुसती गोडीला नसते. तरी माझा गुण मी कापलेलाच ठेवते.

बाकीचं पटापट. सर्वांत भारी आहे ते साधं दुधाचं, ज्यात वेलची नाही, केशर नाही, काही नाही. बोर्डावर ते सगळ्यांत खाली लिहिलंय आणि मामा (काउंटरवरचे मदतनीस, वय साठ, बोलणं कमी) ते मागणाऱ्याकडे जरा आदराने बघतात. नऊ. केशर आंबा मे-जूनमध्ये खावा, तेव्हा आठ, एरवी सात. चॉकलेट सहा, कुठेही मिळतं तसं. मोसंबीचं सरबती आईस्क्रीम फक्त ज्या दिवशी रस काढतात त्याच दिवशी मिळतं. मोसंबीचा रस ठेवला की काही तासांनी कडू होत जातो, जालन्याकडच्या बागवाल्यांना विचारा. ते संध्याकाळी सहाच्या आत खाल्लं तर आठ. एकदा रात्री दहाला गेले तर मामांनी दिलंच नाही, "कडवं झालंय" म्हणाले. फ्रीजरमध्ये डबा दिसत होता. विकता आला असता.

कुल्फी घेऊ नका. बर्फाळ आहे. कुल्फीला दूध तासन्‌तास आटवावं लागतं आणि यांच्याकडे तेवढा वेळ नाही, गॅसही नाही. लोक मागतात म्हणून ठेवलीय असं वाटतं. चार.

ज्वारीचा कोन ही ताईंची हौस. विद्यापीठ आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेने मिळून 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण काढलंय, २०१८ साली आलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं. त्याच्या पिठाचा कोन करायचा ताईंचा पण आहे. चवीला छान, भाकरीच्या पापुद्र्यासारखा खमंग. पण ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पापडी गुंडाळतानाच तडकते आणि अर्ध्यात खालून गळायला लागतं. माझ्या पांढऱ्या ओढणीवर केशर आंब्याचा डाग अजून आहे. पाच. कपात घ्या.

आता वजनाचं सांगते, कारण घरी नेणाऱ्यांना तेच कामाचं. अर्ध्या लिटरचा डबा इथे २२० रुपयांना आहे. रस्त्यापलीकडे ऑफरमध्ये एका कंपनीचा तेवढाच डबा १५० ला पडतो. रूममेट म्हणाली, "सत्तर रुपये कशाचे?" आम्ही दोन्ही आणले आणि लॅबमधल्या काट्यावर ठेवले. डब्याचं वजन वजा करून ताईंचं भरलं ३५२ ग्रॅम, दुसरं २७१. फरक हवेचा. आईस्क्रीम घुसळताना त्यात हवा जाते, जायलाच हवी, नाहीतर त्याची खडी साखर होईल. लिटरभर मिश्रणाचं ताईंकडे दीड लिटरच्या थोडं वर होतं, त्या डब्यात दुपटीच्या जवळ गेलेलं. यात बेकायदा काहीच नाही. नियम सांगतो की आईस्क्रीम लिटरला किमान ५२५ ग्रॅम भरावं आणि दुधाचा फॅट किमान १० टक्के असावा. तो डबा वजनात पास आहे. पण ग्रॅमचा हिशेब केला तर ताईंचं साडेबासष्ट पैशांना ग्रॅम आणि ते पंचावन्न पैशांना. म्हणजे सत्तर रुपये वाटत होते, तो खरा फरक ग्रॅममागे सात-साडेसात पैशांचा. आणि जाता जाता, डब्यावर 'फ्रोजन डेझर्ट' लिहिलं असेल तर तो आईस्क्रीमच नव्हे, त्यात वनस्पती तेलाचा फॅट असतो. बारीक अक्षरं वाचत जा.

ताईंकडे भिंतीवर घटकांची पाटी आहे, खडूने लिहिलेली, रोजची. त्यात एक ओळ आहे: 'गवारीच्या बियांचं पीठ, चिमूटभर.' पाहिलं की प्रत्येक जण विचारतो. ते म्हणजे ग्वार गम, पाकिटांवर ४१२ नंबरने छापलेलं असतं तेच. पाणी धरून ठेवतं, बर्फाचे खडे मोठे होऊ देत नाही. ताई सांगत होत्या, सुरुवातीला पाटीवर '४१२' लिहिलं तर लोक म्हणायचे केमिकल आहे, गवार लिहिल्यावर म्हणतात भाजीचा वास तर येणार नाही ना. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गवार? आपल्याकडं म्हशीला घालतेत की."

तक्रारीही लिहिते. बसायला चारच स्टुलं, पंखा काउंटरच्या दिशेला. गाडी लावायला जागा नाही, शेअर रिक्षावाले तिथेच थांबतात. लाकडी चमचा देतात तो शेवटच्या घासाला लाकडासारखा लागतो, एवढी जीभ सांभाळणाऱ्या बाईंना हे कसं चालतं कळत नाही. मिश्रण संपलं की शटर खाली, मग रात्रीचे आठ वाजलेले असोत. बारा ते साडेदहा लिहिलंय, पण रविवारी आठनंतर जाणं म्हणजे नशिबाची परीक्षा. आणि मामांना दोन चवी एका कपात मागितल्या तर ते तोंड वाकडं करतात.

एवढ्यावर हे परीक्षण संपायला हवं होतं. पण त्या दुकानातून मी जे घेऊन आले ते नुसतं डब्यात नव्हतं, म्हणून पुढचं लिहितेय.

आमच्या कॉलेजात दरवर्षी यशस्वी माजी विद्यार्थी बोलावतात. यंदा आलेले गृहस्थ मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. स्लाइडवर विमानतळ, स्लाइडवर परदेशातला कारखाना, 'स्वप्नं बघा' वगैरे. मी त्यांच्यासोबत फोटोही काढला. फोटो छान आलाय. रात्री पलंगावर पडल्यावर मात्र आठवेना की त्यांनी नेमकं काय सांगितलं. घरचं तर ठरलेलंच: आई म्हणते एमपीएससीचा फॉर्म भर, मानवतचे काका म्हणतात बँकेची दे. वर्गातल्या निम्म्या जणी अभ्यासिकेत जागा धरून बसल्यात. मीही सहाशे रुपये महिन्याने खुर्ची सांगून ठेवली होती. पदवी कशातही असो, शेवट तिथेच, असा हिशेब.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळलं की ताई आमच्याच कॉलेजच्या. २०१२ ची बॅच. गोष्ट त्यांनी एका बैठकीत सांगितली नाही, कप पुसता पुसता तुकड्या-तुकड्यांनी कळली. पुण्याकडच्या एका डेअरीत आठ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होत्या. रात्रपाळी, तीन वाजता टँकर, ॲसिडने भोकं पडलेला ॲप्रन. २०२१ ला परत आल्या. केंद्राची सूक्ष्म अन्न उद्योगांची योजना आहे, पीएमएफएमई, त्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. "अनुदान ऐकून लोक उड्या मारतेत," त्या म्हणाल्या. "ते हातात येत नाही, कर्जाच्या खात्यात जातंय. आधी कर्ज देणारा साहेब पटला पाहिजे. मी सात चकरा मारल्या. आठव्या वेळी मशीनचा डबा भरून आईस्क्रीम नेलं तर म्हणाले डायबेटिस आहे." पदवीचं प्रमाणपत्र कुठंय विचारलं तर कंप्रेसरच्या मॅन्युअलसोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत. बँकेत दाखवायला काढलं होतं, ते शेवटचं.

भिंतीला मात्र एक वही टांगलेली आहे. फ्रीजरचं तापमान, दिवसातून चार वेळा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही चार नोंदी आहेत, मी मुद्दाम पान उलटून पाहिलं. एका मे महिन्यातली नोंद अशी: 'लाइट ४ तास ५० मि. उणे १८ वरून उणे ९. कपात विक्री बंद. मिल्कशेकला.' मी विचारलं, उणे नऊला तर वितळत नाही, खराबही होत नाही, मग? "खराब होत नाही. कणी वाढते," त्या म्हणाल्या. "पन्नास मायक्रॉनच्या पुढं गेली की जिभेला कळतंय. गिऱ्हाइकाला शब्द माहीत नसतो, पण ते दुसऱ्या वेळी येत नाही. म्हणून ते शेकमध्ये घातलं, पाटीवर लिहून, दहा रुपये कमी करून." हीट शॉक, म्हणजे तापमान वर-खाली होऊन कणी वाढणं, हा धडा मी दहा मार्कांसाठी पाठ केला होता. त्याची किंमत कपामागे दहा रुपये असते हे कुठल्या नोट्समध्ये नव्हतं.

एक दिवस धीर करून म्हटलं, "ताई, करिअरबद्दल थोडं मार्गदर्शन कराल का?"

"मार्गदर्शन काय असतंय?" त्यांनी कप पुसणं थांबवलं नाही. "शनिवारी मिक्स करायलोत. पाचला ये. पहाटेचे पाच."

गेले. अंधारात मोटारसायकलवर दोन कॅन लावून दूधवाले काका आलेले होते, म्हशीचं दूध, चाळीस लिटर. ताईंनी मला ॲप्रन दिला आणि दुधातला फॅट मोजायला सांगितलं. गर्बर पद्धत, सोपी: ब्युटिरोमीटरच्या, म्हणजे फॅट मोजायच्या आकडे कोरलेल्या नळीत दहा मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर कडेने पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल, बूच, हलवा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वाचा. मी हे सेमिस्टरमध्ये चार वेळा 'केलेलं' होतं. अवतरणं मुद्दाम टाकलीत. वीस जणींत दोन नळ्या, आकडे मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवायचे, ६.५, ६.६, ६.५.

नळी हलवली आणि ती हातात तापली. नुसती कोमट नाही, फडक्याशिवाय धरवेना अशी. मी दचकून बेसिनवर ठेवायला गेले. ताई म्हणाल्या, "फडक्यात धर. पहिल्यांदाच धरलीस ना?" सांगायची गरजच नव्हती. नळी तापते हे वाक्य माझ्या जर्नलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

फिरवून झाल्यावर नळी उजेडाला धरली आणि वाचलं, ६.४.

काका दारातच उभे होते. टोपी हातात. "किती लागली, पोरी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईंनी माझं मनगट धरून नळी डोळ्यांच्या रेषेत आणली, खालचं बूच किंचित आत दाबलं. फॅटचा पिवळा स्तंभ वर सरकला आणि खालची कड बरोबर रेघेवर आली. "आता वाच." ६.७. "दुसरी नळी लाव, परत कर." परत ६.७.

तीन पॉइंटचा, म्हणजे ०.३ टक्क्यांचा फरक. त्यांचा ठराव पॉइंटला लिटरमागे ऐंशी पैसे. चाळीस लिटरला शहाण्णव रुपये होतात. माझ्या डोळ्यांच्या रेषेने काकांचे शहाण्णव रुपये गेले असते आणि त्यांना कधी कळलंही नसतं.

आमच्याकडे कापूस आहे. लहान असताना अण्णांबरोबर गाडीवर बसून खरेदी केंद्रावर जायचे. एक पोरगा ओलावा मोजायचं यंत्र ढिगात खुपसायचा. आठ टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला भाव कापतात, बाराच्या वर गाडी परत. अण्णा यंत्राकडे बघायचे नाहीत, त्या पोराच्या तोंडाकडे बघायचे. एकदा त्याने यंत्र नीट खुपसलं नाही, ढिगाच्या वरवर लावलं, दव पडलेलं होतं, आणि म्हणाला, "अकरा." अण्णा काही बोलले नाहीत. परत येताना मला पाच रुपयांचा गारेगार घेऊन दिला, स्वतः घेतला नाही.

काका दारात टोपी हातात घेऊन उभे होते तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

त्या दिवशी पुढे बरंच झालं. मिश्रण ६९ अंशांना अर्धा तास, मग गार करणं, मग भांडी घासणं, जे कोणी माजी विद्यार्थी स्लाइडवर दाखवत नाही आणि जे सगळ्यांत जास्त वेळ खातं. नऊ वाजता मामांनी सगळ्यांना पोहे दिले आणि मला म्हणाले, "उद्या येतीस का?" त्यांचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. होस्टेलला परतून जर्नल काढलं, गर्बरचं पान उघडलं आणि चारही रीडिंगवर पेन्सिलने काट मारली. सबमिट होऊन गेलेलं जर्नल, त्याचे मार्कही मिळालेले, त्याने कोणाला काय फरक पडणार होता म्हणा. अभ्यासिकेच्या मालकाला फोन करून खुर्ची सोडली. मानवतच्या काकांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचा प्रश्न मला माहीत आहे: "आईस्क्रीम इकायला डिगरी कशाला लागती?"

ताईंना विचारलं की याला मी काय उत्तर देऊ. त्या म्हणाल्या, "इकायला नाही लागत. त्यांना चुकांचा डबा चाखायला दे."

जायचं असेल तर मंगळवार ते गुरुवार संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. साधं दुधाचं आधी घ्या, मग फळाचं. घरी न्यायचं तर थर्माकोलचा डबा सोबत ठेवा, दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका, नाहीतर पहिल्या वाटीतली कणी तुमच्या घरी तयार होईल. सीताफळाचा गर गेल्या आठवड्यात संपला. हंगाम येईपर्यंत मामांना विचारू नका, ते चिडतात.

आता दुसरी कबुली. शेवटच्या सेमिस्टरला आम्हाला कारखान्यात प्रशिक्षण असतं. त्याच्या आधीपासूनच, गेल्या दोन रविवारांपासून, संध्याकाळी त्या काउंटरवर मी असते, पगारावर. त्यामुळे हे परीक्षण कितपत धरायचं ते तुम्ही ठरवा. वरचे सगळे गुण मी कामाला लागायच्या आधी वहीत लिहून ठेवले होते, त्यातला एकही बदललेला नाही. वजनकाटा आता काउंटरवर बाहेरच ठेवलाय, डबा घेताना तोलून मागा. लिहून झाल्यावर ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: कुल्फीला चार जास्त झाले.